‘पूर्वीही बदलत होते’ हे उत्तर नव्हे

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येते : ‘हवामान काय, ते नेहमीच बदलत आले आहे.’ हे म्हणणारा माणूस बहुधा चांगला वाचलेला असतो. त्याला हिमयुगे ठाऊक असतात, ग्रीनलंडमध्ये एके काळी गुरे चरत होती हे ठाऊक असते, अंटार्क्टिकावर जंगले होती हेही ठाऊक असते. मराठी माणूस असेल तर तो लोकमान्य टिळकांचे ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ही पुढे करतो. उत्तर ध्रुवाजवळ वसंत नांदत होता तेव्हा कुठे होत्या मोटारी आणि कुठे होत्या गिरण्या, असा त्याचा सवाल असतो. व्याख्यानांतून, वाचकांच्या पत्रांतून आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या आलेखांतून ही मांडणी इतकी पसरली आहे, की तिला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

‘सगळे थोतांड आहे’ म्हणून ती झटकून टाकता येत नाही, कारण तिच्यातली बरीचशी माहिती खरी आहे. ध्रुवांवरचे बर्फ वाढले, वितळले, पुन्हा वाढले, हे खरेच. माझे भांडण त्या माहितीतून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. ध्रुवीय प्रदेशांचा लाखो वर्षांचा इतिहास पाहिला की आजच्या बदलाची चिंता उरत नाही, असे ही मंडळी सांगतात. मी म्हणतो, आज आपण धास्तावले पाहिजे याचा सर्वांत भक्कम पुरावा नेमका त्याच इतिहासात आहे. तो शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची तसदी तेवढी घ्यायला हवी.

हा इतिहास आपल्याला कळला कसा, तिथून सुरुवात करू. १९५२ च्या जून महिन्यात कोपनहेगनमध्ये विली डान्सगार्ड या तरुण शास्त्रज्ञाने घराच्या अंगणात बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे बसवून पावसाचे पाणी गोळा केले. पाण्याच्या रेणूंत नेहमीच्या ऑक्सिजनबरोबर किंचित जड ऑक्सिजनही असतो. ढग जितका थंड, तितके त्यातून पडणाऱ्या पाण्यात या जड ऑक्सिजनचे प्रमाण कमी, हे त्याला त्या पाण्यावरून उमगले. मग हजारो वर्षांपूर्वी पडलेले हिम हाती लागले तर तेव्हाचे तापमानही काढता येईल, हे त्याने ओळखले. १९६६ साली ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर बर्फाच्या थराला तळापर्यंत छिद्र पाडून जो दंडगोल काढला गेला, त्यावर त्याने ते करून दाखवले. दुसरा धागा फ्रान्सच्या क्लोद लोरियस यांचा. १९६५ साली अंटार्क्टिकावरच्या मुक्कामात त्यांनी खोलवरच्या जुन्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीच्या पेल्यात टाकला. त्यातून तडतडत सुटणारे बुडबुडे पाहताना त्यांच्या मनात आले, की ही हवा बर्फाइतकीच जुनी आहे. मोजली तर त्या काळच्या वातावरणात काय होते ते कळेल. एका माणसाने जुन्या तापमानाची किल्ली शोधली, दुसऱ्याने जुन्या हवेची.

या दोन्ही किल्ल्या एकत्र चालल्या त्या व्होस्टोकला. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरचे हे तेव्हाचे सोव्हिएत केंद्र. २१ जुलै १९८३ रोजी तिथे उणे ८९.२ अंश तापमान नोंदले गेले. पृथ्वीच्या पृष्ठभागावर केंद्रात प्रत्यक्ष मोजलेले याहून कमी तापमान नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत तंत्रज्ञ तिथे बर्फात खोदत होते, फ्रेंच शास्त्रज्ञ त्या बर्फाची तपासणी करीत होते, आणि वाहतुकीला अमेरिकी विमाने होती. १९९९ साली त्या ३,६२३ मीटर खोल छिद्रातून निघालेली नोंद प्रसिद्ध झाली : ४,२०,००० वर्षांचे तापमान आणि ४,२०,००० वर्षांची हवा. युरोपीय देशांनी अंटार्क्टिकावरच्याच डोम सी इथे केलेल्या खोदकामातून २००८ सालापर्यंत ही नोंद ८,००,००० वर्षांपर्यंत मागे गेली. हिमयुगे आपल्यापर्यंत आकड्यांसह पोहोचली ती या लोकांमुळे. ‘हवामान नेहमीच बदलत आले आहे’ हे वाक्य ज्यांच्या कष्टांमुळे उच्चारता येते, तीच माणसे आज धोक्याचा इशारा देत आहेत, एवढी गोष्ट तरी आपल्या टीकाकारांना खटकायला हवी होती.

आता त्या नोंदीत काय आहे ते पाहा. आठ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे १७२ च्या खाली गेला नाही आणि ३०० च्या वर चढला नाही. हिमयुग आले की १८० च्या आसपास, उबदार काळ आला की २८० च्या आसपास. औद्योगिक युगाच्या तोंडाशीही तो २८० च होता. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ झाला होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे आहे. म्हणजे ‘पूर्वीही बदलत होते’ हे खरे, पण या दोन मर्यादांच्या आत. आज आपण वरची मर्यादा ओलांडून इतके दूर आलो आहोत, की हिमयुग आणि उबदार काळ यांच्यात जेवढे अंतर होते, त्याहून जास्त अंतर आज आणि त्या वरच्या मर्यादेत आहे.

वेगाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. शेवटचे हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० भागांनी वाढायला जवळपास सात हजार वर्षे लागली. निसर्गाने केलेल्या मोठ्या बदलांपैकी तो एक. १९८० साली हे प्रमाण ३३९ च्या आसपास होते. तेवढीच वाढ करायला आपल्याला ४४ वर्षेही लागली नाहीत. हा जादा कार्बन समुद्राचा नाही, याचीही खूण हवेत आहे. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिल्यामुळे त्यांच्यात किरणोत्सर्गी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये असा ‘मृत’ कार्बन मिसळत चालल्याचे हान्स स्यूस यांनी १९५५ सालीच दाखवून दिले होते.

इथे विरोधकांचा सर्वांत आवडता मुद्दा येतो, आणि तो खरोखर उत्तर देण्याजोगा आहे. व्होस्टोकच्या नोंदीत आधी तापमान वाढते आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी मागून येतो. मग जे मागून आले ते कारण कसे, असे ते विचारतात. २००३ साली एका हिमयुगाच्या अंताचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा हे अंतर सुमारे ८०० वर्षांचे निघाले होते. हा शोध कोणी दडपला नाही. तो हवामानशास्त्रज्ञांनीच काढला आणि प्रसिद्ध केला. इतकेच नव्हे, तर १९९० साली लोरियस, जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरितगृह वायू तापमानाच्या थोडे मागे असतील असे आधीच लिहून ठेवले होते, कारण त्यांच्या उपपत्तीत ते तसेच असायला हवे होते.

का? सर्बियाच्या मिलुतिन मिलांकोविच यांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्चून केलेले गणित इथे आठवावे. पृथ्वीची कक्षा कमीअधिक लंबगोल होत राहते, तिचा आस कमीअधिक कलतो, आणि तो आस भोवऱ्यासारखा घुमतो. त्यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात पोहोचणारे ऊन हजारो वर्षांच्या ठेक्यात वाढते-घटते. हिमयुगांचा ठेका याच गणिताशी जुळतो, हे समुद्रतळाच्या गाळावरून १९७६ साली सिद्ध झाले. पण या उन्हाच्या फरकाने एकट्याने पृथ्वीचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी बदलत नाही. कक्षेने सुरुवात करून दिली. मग बर्फ ओसरले, गडद समुद्र उघडा पडला, दक्षिण महासागराने साठवलेला कार्बन हवेत सोडला, त्याने तापमान आणखी चढवले, आणि ते दोन्ही गोलार्धांत चढवले. २०१२ साली जगभरच्या ८० ठिकाणच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अंटार्क्टिकाचे तापमान कार्बन डायऑक्साइडच्या किंचित आधी वाढले होते, पण जगाचे सरासरी तापमान त्याच्या मागून वाढले होते.

गणपतीच्या मांडवात माइक कर्ण्याच्या समोर आला की काय होते, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कोणी तरी नुसते खाकरते, तो आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि बघता बघता कान फाटायची वेळ येते. खाकरणे आधी आणि कर्ण्याचा आवाज मागून, म्हणून कर्ण्याचा काही संबंध नाही, असे कोणी म्हणत नाही. हिमयुगांच्या काळात कक्षा खाकरत होती. आज कोणी खाकरण्याची वाट न बघता आपण थेट आवाजाची कळ पिळत सुटलो आहोत. व्होस्टोकची नोंद आपल्याला सांगते ती यंत्रणा किती संवेदनशील आहे ते. हा पुरावा कार्बन डायऑक्साइडच्या निर्दोषत्वाचा म्हणून सादर करणे ही फसवणूक आहे, मग ती जाणूनबुजून असो वा अर्धवट वाचनातून.

आता टिळकांकडे वळतो, कारण त्यांचे नाव या वादात ज्या पद्धतीने ओढले जाते, त्याचा मला राग येतो. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात टिळकांनी ऋग्वेदातल्या उषेच्या वर्णनांवरून, लांबच लांब चालणाऱ्या पहाटेच्या उल्लेखांवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते असे मांडले. त्यासाठी शेवटच्या हिमयुगापूर्वी तो प्रदेश राहण्याजोगा होता हे दाखवणे त्यांना आवश्यक होते. ते त्यांनी कसे दाखवले? त्यांच्या काळातले उत्तमोत्तम भूविज्ञान वाचून. जेम्स क्रोल यांचे कक्षेचे गणित त्यांनी तपासले, अमेरिकी भूवैज्ञानिकांचे अंदाज त्याच्याशी ताडून पाहिले, दोन्हींत मतभेद कुठे आहेत ते वाचकापुढे ठेवले आणि मग एक बाजू घेतली. मूलस्थानाचा त्यांचा सिद्धान्त आज टिकत नाही. हिमयुगाची त्यांनी मानलेली कालगणनाही टिकत नाही. शेवटचा उबदार काळ दहा-बारा हजार वर्षांपूर्वी नव्हे, तर १,१६,००० वर्षांपूर्वीच संपला होता. पण नव्यात नवे विज्ञान वाचून मत बनवायचे, ही त्यांची रीत टिकणारी आहे. ज्यांना टिळकांचा वारसा सांगायचा आहे, त्यांनी १९०३ सालच्या भूविज्ञानावर थांबून चालणार नाही.

आणि तो उबदार काळ होता कसा, हे आज आपल्याला टिळकांपेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक आहे. १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वी कक्षेच्या त्या वेळच्या स्थितीमुळे उत्तरेकडचे उन्हाळे कडक होते. आर्क्टिकचे उन्हाळे आजच्यापेक्षा चार-पाच अंशांनी उष्ण होते. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे इथे विरोधक म्हणतील. जरूर म्हणावे. पण त्याच काळाची दुसरी नोंद प्रवाळाच्या जुन्या कड्यांमध्ये आणि किनाऱ्यांच्या खुणांमध्ये आहे. जगाचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने अर्धा ते दीड अंशच जास्त होते, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर वर होती. हे पाणी ग्रीनलंडचे आणि अंटार्क्टिकाचे. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने उष्ण गेले. समुद्र इतका चढायला हजारो वर्षे लागतात आणि तेव्हाच्या उन्हाची वाटणी वेगळी होती, हे मान्य; उद्या सकाळी दादरला पाणी येईल असे मी म्हणत नाही. परंतु ध्रुवाजवळच्या त्या वसंताची गोष्ट सांगताना समुद्र कुठवर आला होता ते न सांगणे, याला मी प्रामाणिक वाद म्हणू शकत नाही.

ग्रीनलंडच्या शेतीचा मुद्दा लवकर संपतो. एरिक द रेड आणि त्याचे लोक सुमारे ९८५ साली तिथे गेले ते नैर्ऋत्येकडच्या खाड्यांच्या काठी. तिथे आजही हिरवळ आहे आणि आजही मेंढ्या चरतात. त्यांच्या वस्तीमागे तीन किलोमीटर जाडीचे बर्फ तेव्हाही होतेच. बर्फाच्या थरांची अखंड नोंदच त्याला साक्ष आहे.

मोबाइलवर जो आलेख फिरतो, त्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ग्रीनलंडच्या माथ्यावरच्या जीआयएसपी-२ या छिद्रातून काढलेले गेल्या दहा हजार वर्षांचे तापमान त्यात असते, आणि उजवीकडचे टोक खाली दाखवून ‘आजचे तापमान पाहा, किती कमी आहे’ असे लिहिलेले असते. या नोंदीत कालगणना १९५० पासून मागे मोजली जाते आणि तिचा सर्वांत अलीकडचा बिंदू ९५ वर्षे मागचा आहे. म्हणजे तो आलेख १८५५ साली संपतो. विजेचा दिवा यायच्या आधीच्या सालाला ‘आज’ म्हणून दाखवले जाते, आणि सुशिक्षित माणसे ते पुढे धाडतात.

याच ग्रीनलंडच्या बर्फातून आणखी एक आक्षेप निघतो, तो जास्त दमदार आहे. हिमयुगाच्या काळात तिथले तापमान काही दशकांतच आठ-दहा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उसळल्याच्या वीसहून अधिक घटना त्यात नोंदल्या आहेत. डान्सगार्ड आणि स्वित्झर्लंडचे हान्स ओश्गर यांच्या नावांनी त्या ओळखल्या जातात. निसर्ग एवढ्या वेगाने बदलू शकतो, तर आजच्या वेगाचे कौतुक कशाला? याचे उत्तर दुसऱ्या ध्रुवावर आहे. ग्रीनलंड तापत होते तेव्हा अंटार्क्टिका हळूहळू थंड होऊ लागत होता, आणि ग्रीनलंड गारठले की अंटार्क्टिका उबदार होत होता. अटलांटिकमधले प्रवाह उष्णता इकडून तिकडे नेत होते. पृथ्वीच्या एकूण उष्णतेत त्या मानाने थोडाच फरक पडत होता. आज उत्तर, दक्षिण, महासागर, वाळवंटे, सगळीकडे उष्णता वाढत आहे. आणि आर्क्टिकचे म्हणाल, तर १९७९ पासून ते जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले आहे. ध्रुवीय प्रदेश इतरांपेक्षा जास्त तापतील हे स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनियस यांनी १८९६ साली कागद-पेन्सिलीने हिशेब करून सांगितले होते. सव्वाशे वर्षांपूर्वीचे भाकीत खरे ठरते, तेव्हा त्यामागची उपपत्ती ‘फॅशन’ म्हणून उडवून लावता येत नाही.

राहिला अंटार्क्टिका. ‘तिथे बर्फ वाढते आहे’ हे विधान निरनिराळ्या तीन गोष्टींची सरमिसळ करून केले जाते. समुद्रावर हिवाळ्यात गोठणारे पातळ बर्फ २०१४ पर्यंत थोडे वाढत होते, हे खरे. २०१६ पासून ते झपाट्याने घटले, आणि २०२३ साली उन्हाळ्यातला व हिवाळ्यातला असे दोन्ही नीचांक झाले. त्यामुळे २०१४ नंतर हा मुद्दा मांडणाऱ्यांनी नवी माहिती पाहिलेली नाही, एवढेच त्यातून कळते. जमिनीवरच्या बर्फाबद्दल २०१५ साली एक अभ्यास आला होता. त्यात बर्फ वाढत असल्याचे म्हटले होते, पण त्याची मोजमापे २००८ साली संपत होती. गुरुत्वाकर्षण मोजणारे उपग्रह, उंची मोजणारे उपग्रह आणि हिमनद्यांचा वेग, या तिन्ही वाटांनी स्वतंत्रपणे मोजून २०१८ साली जो एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यानुसार १९९२ ते २०१७ या काळात अंटार्क्टिकाने सुमारे २,७२० अब्ज टन बर्फ गमावले. ग्रीनलंड दरवर्षी साधारण २७० अब्ज टन गमावते. साडेतीनशेहून थोडे जास्त अब्ज टन समुद्रात गेले की जगभरचा समुद्र एक मिलिमीटर चढतो. २०२१ नंतरच्या दोनतीन वर्षांत पूर्व अंटार्क्टिकावर असामान्य हिमवृष्टी होऊन घट काही काळ भरून निघाली, ही बातमीही अलीकडे विजयाच्या सुरात पसरवली गेली. उबदार हवा जास्त बाष्प वाहून नेते. जादा हिमवृष्टी हे तापण्याचेच एक लक्षण आहे. १८ मार्च २०२२ रोजी डोम सीच्या पठारावर तापमान नेहमीपेक्षा जवळपास ४० अंशांनी चढून उणे ११.५ झाले होते, ते अशाच एका बाष्पाच्या लोंढ्याने.

अंटार्क्टिकाच्या बाबतीत मला एका माणसाचे स्मरण करून द्यायचे आहे. ओहायो राज्य विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर. १९७८ साली त्यांनी लिहिले, की पश्चिम अंटार्क्टिकाचे बर्फ समुद्रसपाटीखालच्या खडकावर टेकलेले आहे, म्हणून ते पाण्याच्या आणि हवेच्या उष्णतेपुढे दुबळे आहे. कार्बन डायऑक्साइड असाच वाढत राहिला तर ते ढासळू शकते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरचे तरंगते हिमपट्टे उत्तरेकडून दक्षिणेकडे फुटू लागतील. तेव्हा अनेकांना ते भडक वाटले. मर्सर १९८७ साली वारले. १९९५ साली लार्सन-ए हा हिमपट्टा फुटला. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लार्सन-बी फुटला, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडाच लहान, आणि तोही पाचेक आठवड्यांत. त्याच्याखालचा समुद्रतळाचा गाळ तपासला तेव्हा कळले, की शेवटचे हिमयुग संपल्यापासून, निदान दहा हजार वर्षे, तो हिमपट्टा अभंग होता. ‘पूर्वीही बदलत होते’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : दहा हजार वर्षे न बदललेली गोष्ट नेमकी आपल्या हयातीत का बदलली, आणि ती बदलेल हे कार्बन डायऑक्साइडचा धोका मानणाऱ्या माणसाला चोवीस वर्षे आधी कसे कळले? पट्टा फुटताच त्याच्यामागे अडलेल्या हिमनद्या कित्येक पट वेगाने समुद्राकडे धावू लागल्या. आज तीच चिंता पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीबद्दल आहे. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रुंदीचे तिचे मुख आहे, खालचा खडक आत जावे तसतसा आणखी खोल होत जातो, आणि ती एकटी संपली तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर वर येईल.

अंटार्क्टिकावर जंगले होती, हा मुद्दा उरतो. होती. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधक स्कॉट यांच्या तुकडीने मरणाच्या दारात असतानाही सोळा किलोच्या आसपास दगड घसरगाडीवरून ओढत आणले होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म निघाले. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी ही वनस्पती आपल्या चंद्रपूरच्या आणि कामठीच्या कोळशाच्या थरांतही आहे, कारण भारत आणि अंटार्क्टिका तेव्हा एकाच खंडाचे भाग होते. त्या जंगलांनी हवेतून घेतलेला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडून घेतला. तोच आज चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात आणि जगातल्या तसल्या शेकडो केंद्रांत जळून हवेत परत जातो आहे. त्या युगात मी-तू नव्हतो, मुंबई नव्हती, भातशेती नव्हती. माणसाची शेती, बंदरे, शहरे ही सगळी गेल्या दहा-अकरा हजार वर्षांच्या स्थिर हवामानात उभी राहिली. पृथ्वी त्या जुन्या उष्णतेतही तगली होती, हे सांगून कोकणातल्या माणसाला काय मिळणार?

शेवटचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. हा सगळा पाश्चात्त्यांचा डाव आहे, त्यांनी धूर काढून श्रीमंत व्हायचे आणि आम्हाला कोळसा जाळू नका सांगायचे. यातला संताप मला पूर्ण मान्य आहे. हवेत आजवर साठलेल्या मानवी कार्बनपैकी जवळपास चौथाई वाटा एकट्या अमेरिकेचा आहे, आणि माणशी हिशेब केला तर सामान्य भारतीय सामान्य अमेरिकी माणसाच्या सहाव्या हिश्श्याइतकाही कार्बन सोडत नाही. पण मग हाच माणूस दुसऱ्या वाक्यात ‘कार्बनने काही होत नाही’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्याच देशाचा दावा बुडवतो. कार्बनने काही होत नसेल, तर अमेरिका आपले काय देणे लागते? भारताने जगाच्या परिषदांत मांडलेला ऐतिहासिक जबाबदारीचा मुद्दा उभाच आहे तो या विज्ञानावर.

शिवाय हे विज्ञान परके राहिलेले नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकाला निघाली ती गोव्याहून. आज अंटार्क्टिकावर मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे आहेत, आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला हिमाद्री आहे, आणि या सगळ्यांचे काम बघणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे. तिथे बर्फाचे गाभे साठवायची आणि तपासायची प्रयोगशाळा आहे. आर्क्टिकमधल्या उन्हाळी बर्फाची घट आणि आपल्याकडे सप्टेंबरमध्ये कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संबंध असू शकतो, असे तिथल्याच संशोधकांनी २०२१ साली मांडले. ही माणसे कोणा परदेशी सरकारच्या पगारावर नाहीत.

ध्रुवांवरचे बर्फ वितळले की समुद्र सगळीकडे सारखा चढत नाही, हेही लक्षात घ्यावे. एवढ्या प्रचंड बर्फाचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण असते, ते भोवतालचे पाणी आपल्याकडे ओढून धरते. बर्फ गेले की ते पाणी सुटते आणि दूरच्या किनाऱ्यांवर चढते. ग्रीनलंडचे बर्फ गेल्याचा फटका ग्रीनलंडच्या किनाऱ्याला बसत नाही. तो आपल्यासारख्या दूरच्या प्रदेशांच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त येतो. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की मुंबईच्या नाल्यांतून पाणी बाहेर पडत नाही, हे तिथल्या प्रत्येकाने गुडघाभर पाण्यात उभे राहून अनुभवले आहे. किनाऱ्यालगतचे रस्ते, पूल, खारभूमीचे बांध आपण पुढच्या पन्नास-शंभर वर्षांसाठी बांधतो आहोत. ते बांधणाऱ्यांना आणि त्यांना मंजुरी देणाऱ्यांना ‘हवामान नेहमीच बदलत आले आहे’ हे ऐकवणारा माणूस निरुपद्रवी राहत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. असा आलेख कोणी पाठवला तर तो कोणत्या ठिकाणचा आहे आणि कोणत्या साली संपतो, एवढे विचारा. आणि ज्यांना व्यासपीठावरून अजूनही ‘पूर्वीही बदलत होते’ म्हणायचे असेल, त्यांनी खुशाल म्हणावे. मात्र त्याच दमात, तेव्हा समुद्र कुठवर आला होता, तेही सांगावे.